कॅफेच्या भिंतीवरची शाल

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत?

खोलीत कोंडून बसू नकोस म्हणालीस, म्हणून काल कोपऱ्यावरच्या कॅफेत चित्रांचं प्रदर्शन बघायला गेले. कॉफी छान होती हं.

एका चित्रात मुलगी टेबलाशी पाठमोरी बसलेली. तिच्या खांद्यावर तू विणलेली शाल, उसवलेल्या टोकासकट! आई, ती शाल मी खोलीबाहेर कधीच नेलेली नाही.

कॅफेवाला हसून म्हणाला, "ओळखलं नाहीत? तुमच्या घरमालकांनीच काढलंय."

त्यांच्याकडे माझ्या खोलीची दुसरी किल्ली असते.

तू उगाच घाबरू नकोस. मी दाराला टेबल लावून झोपते. फक्त दादाला लगेच पाठव. त्याला म्हणावं, खालूनच हाक मार. बेल वाजली तर मी दार उघडणार नाही.

तुझीच,
धाकटी