दादाच्या साइटवर माझी सूचना

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

आई दवाखान्यात आहे, म्हणून सकाळी माझ्या रोपांच्या नर्सरीच्या वेबसाइटवर टाकलं, ‘घरी आजारपण, नर्सरी चार दिवस बंद.’ वाटणीनंतर दादानं अकोल्याच्या नर्सरीसाठी साइटचं वेगळं नाव घेतलं, पण दोन्ही नावांवर पानं एकाच कॅशमधून, म्हणजे सर्व्हरवर साठवलेल्या एकाच प्रतीतून येतात. मीच तसं केलं होतं, अन् विसरलो. सूचना त्याच्याही साइटवर दिसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याचा फोन आला.

“माही नर्सरी बंद काहून दाखवून राहिला तू?”

मी चूक सांगितली, आई दवाखान्यात आहे हेही.

“आईले काय झालं?”

“न्यूमोनिया. आता बरी हाये.”

“उद्या येतो.”

आधीच कळवायला हवं होतं का? पण कोणत्या तोंडानं? तू कसा आहेस, हे त्यानं विचारलं नाही. मीही नाही.

त्याच्या साइटवर दिसू नये म्हणून सूचना काढली. कॅश वेगळी करायला बसलो होतो. नाही केली.