मार्लिसच्या रायफलचे आटे

१९ ऑक्टोबर, रविवार

निर्णय झाला. मार्लिसच्या रायफलची मूठ मी बदलणार. स्वतः. तिला न सांगता. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा सीझन उघडेल, रानातल्या आमच्या कॅम्पवर ती रायफल हातात घेईल, नवी मूठ बघेल, आणि मग माझ्याकडे बायकोने नवऱ्याकडे बघावं तसं बघेल.

कारण गंभीर आहे. फेब्रुवारीत साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बर्फावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण वाकडं. बरणीचं झाकण उघडेनासं झालं की ती बरणी गुपचूप कपाटात परत ठेवते. परवा तिने रायफल खांद्याला लावून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. मी दारात होतो, हे तिला कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं. जुनी मूठ मागे कललेली आहे. मनगट मुरडतं. उभी मूठ हवी. बाजारात मिळते. एका बोल्टवर बसते. एका.

माझी उभी हयात हार्डवेअरच्या दुकानात गेली आहे. पेंटच्या काउंटरवर गेली, हे खरं. पण नट-बोल्ट बरोबर समोरच होते.

२४ ऑक्टोबर

मूठ आली. काळी, रबरी, देखणी. सोबत सूचनांचा कागद. वाचला नाही. एका बोल्टबद्दल कुणी कुणाला काय शिकवणार?

रायफल गॅरेजमधल्या कुलपाच्या कपाटात हलवली. त्याआधी रिकामी असल्याचं दोनदा तपासलं. या बाबतीत मी फार कडक आहे.

२५ ऑक्टोबर

मार्लिस चर्चच्या गायनाच्या सरावाला. मी कामाला.

जुना बोल्ट निमूट निघाला. नवा बोल्ट अर्धा फेरा आत गेला आणि अडला. हट्टी निघाला. हाताने फिरवत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम, म्हणून बॅटरीवरचं ड्रिल लावलं. मग गेला आत. थोडा कण्हला, पण गेला. टेबलावर चांदीसारखा कीस पडला. कारखान्यातली घाण असावी.

नंतर बोल्ट फिरत राहिला. मी थांबायची वाट पाहिली. तो थांबला नाही.

निष्कर्ष: मूठ बसली. हलते, पण बसली.

२६ ऑक्टोबर, रविवार

प्रवचनाच्या मध्यावर उलगडा झाला. तो कीस म्हणजे आटे होते. रायफलच्या भोकातले सगळे आटे मी कातून बाहेर काढले. प्रवचन सहनशीलतेवर होतं. मला ते लांबल्यासारखं वाटलं.

घरी येऊन कागद वाचला. ‘जुनाच बोल्ट वापरावा. हातानेच आवळावा. सोबतचा बोल्ट दुसऱ्या बनावटीच्या रायफलसाठी आहे.’ ठळक अक्षरांत. इतकी महत्त्वाची गोष्ट कागदावर लिहितात का? बोल्टवर लिहायला हवी.

तसा दोष रायफलच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा आहे. लोखंडाने माझं ऐकलं असतं.

२७ ऑक्टोबर

शेजारच्या गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन केला. मित्राची रायफल आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, घेऊन ये, भोक मोठं करून आत पोलादी स्प्रिंग बसवतो, तिचे वेढे म्हणजेच नवे आटे, तुझी कॉफी संपायच्या आत काम होईल. मग त्याने विचारलं, मित्राने ड्रिल लावलं होतं का. त्याचा सूर मला आवडला नाही.

शिवाय हा माणूस रेनोबरोबर पत्ते खेळतो. रेनो म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ. रेनोला एखादी गोष्ट कळली की ती कॅम्पवरच्या कुत्र्यालाही कळते. तेव्हा हा मार्ग बंद. स्वतःच करायचं. कॉफी संपायच्या आत होणारं काम, त्यात काय एवढं?

२९ ऑक्टोबर

नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप बोल्टला गुंडाळली. आवळलं. घट्ट बसलं. इतक्या सोप्या गोष्टीसाठी लोक दुरुस्तीवाल्यांकडे का धावतात कोण जाणे.

जेवणानंतर पाहिलं. सैल. टेप रायफलच्या पोटात गेली आहे. बाहेर यायला तयार नाही.

१ नोव्हेंबर

रेनो येऊन गेला. कॅम्पसाठी लाकडं कधी न्यायची ते ठरवायला आला होता, पण बसला घट्ट आणि माझी सगळी बिस्किटं संपवली. मार्लिसला म्हणाला, खडीच्या खाणीत नेम साधायला अजून गेली नाहीस? दरवर्षी तू सगळ्यांच्या आधी जातेस. ती म्हणाली, बघू, लाकडं रचायची राहिलीत.

मी प्रसंगावधान राखलं. रायफल माझ्याकडे आहे, साफ करतोय, म्हणालो. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग ‘बरं’ म्हणून भांडी आवरायला उठली. रेनो म्हणाला, वेंडेल साफ करतोय म्हणजे परत आल्यावर नळी आहे का ते तपासून घे.

मार्लिसने आजवर रायफलबद्दल चकार शब्द काढलेला नाही. गुप्तता कशी राखावी हे माझ्याकडून शिकावं.

२ नोव्हेंबर, रविवार

आमच्यात पापाची कबुली द्यायची पद्धत नाही, पण चर्चच्या तळघरात कॉफी पिताना पाद्री ऑर्व्हिलना कोपऱ्यात गाठलं. सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. कुणाचं मरण किंवा भांडण सोडून वेगळं काही ऐकायला मिळालं, असं म्हणाले.

चर्चच्या भट्टीशेजारी आटे पाडायचे टॅप आहेत. जुन्या रखवालदाराचे. आपण मोठ्या मापाचे नवे आटे पाडू, जाड बोल्ट घालू, म्हणाले. घंटेचा आधार त्यांनी असाच बसवला होता. तो ईस्टरला खाली आला, पण त्याची कारणं वेगळी होती.

देव आपल्या बाजूला आहे. त्याची अवजारं तर आहेतच.

६ नोव्हेंबर

चर्चचं तळघर. रायफल शिकंज्यात. पाद्री तेलाचा डबा धरून. त्यांनी कुठूनतरी वाचून आणलं होतं की टॅप अर्धा फेरा पुढे फिरवायचा, मग पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. मला मागे जाणं स्वभावतःच जमत नाही. आपण पुढेच जाऊ, म्हणालो.

कट् असा आवाज झाला. बारीक, सभ्य आवाज. टॅपचा दांडा माझ्या हातात, टॅप भोकात.

पाद्रींनी एक शब्द उच्चारला. तो मी व्यासपीठावरून कधी ऐकलेला नाही. मग त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. नीट ऐकलं तर प्रार्थना टॅपसाठी होती.

टॅप जगातल्या सगळ्यांत कडक पोलादाचा असतो म्हणे. ड्रिल त्यावर चालत नाही. प्रयत्न केला. ड्रिलची तीन टोकं गेली. तरी एक गोष्ट चांगली झाली. त्या भोकात आता कुठलाच बोल्ट सैल बसू शकत नाही.

७ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन. मित्राच्या रायफलमध्ये आता टॅपही तुटलाय, म्हणालो. पलीकडे त्याने कॉफीचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, तो विजेच्या ठिणग्यांनी जाळून काढावा लागतो, ते यंत्र त्याच्याकडे नाही, रायफल दक्षिणेकडच्या एखाद्या कारखान्यात पाठवावी लागेल, नाताळानंतर बघू. फोन ठेवण्याआधी त्याने मित्राची तब्येत विचारली.

१० नोव्हेंबर

बोल्ट ही मुळात जुनी कल्पना आहे. दोन नळ्या मिसळून होणारा गोंद आणला. खोक्यावर लिहिलंय, पोलादापेक्षा मजबूत. मग पोलादाचे लाड कशाला?

गोंद लावला, मूठ सरळ टेकवली, अंगठ्याने दाबून धरली. फोन वाजला. पाद्री होते, टॅप निघाला का विचारत होते. परत आलो तर मूठ घसरून डावीकडे वळलेली. आणि वाळलेली. हातोडीनेही हलेना. खोक्यावरचं म्हणणं खरं आहे.

रायफल आता चौकात रस्ता दाखवणाऱ्या माणसासारखी दिसते.

विचार केला. मनगट वाकडं आहे तर मूठही थोडी वाकडी हवीच. कदाचित मी नकळत मूळ योजनेपेक्षा बरं काहीतरी केलंय.

१२ नोव्हेंबर

धरून पाहिली. डाव्या हातात बरी बसते, मात्र उजवीकडे उभं राहून मागे बघायला हवं.

चोर आले आणि फक्त मूठ बदलून गेले, असं सांगावं का? नको. आमच्या भागातले चोर नीटनेटकं काम करतात.

उद्या सांगणार. भाषण तयार आहे. सुरुवात प्रेमाने, मग ॲल्युमिनियमच्या दर्जाबद्दल थोडं, शेवट भविष्यावर.

१३ नोव्हेंबर

दुपारी मार्लिस कॅम्पसाठी पास्टी करत होती. मांस, बटाटा, कांदा, पिठाची पारी. कडा मुडपताना तिचा अंगठा वळेना. ती पाठ वळवून उभी राहिली. मी गेलो आणि कडा मुडपायला लागलो. ती सारण भरायला लागली. माझ्या पास्टी कुणीतरी बसून उठल्यासारख्या झाल्या.

मग मी गॅरेजमधून रायफल आणली आणि टेबलावर पिठात ठेवली. भाषणातलं पहिलं वाक्य आठवेना. म्हणून सगळंच सांगितलं. ड्रिल, टेप, चर्च, टॅप, गोंद.

तिने मूठ बघितली. डाव्या बाजूने, मग उजव्या. मी ओरडा खायची तयारी केली. ती खुर्ची ओढून बसली.

“मी तुला एकदाही विचारलं नाही, रायफल कुठेय म्हणून,” ती म्हणाली.

मी म्हटलं, लपवलीच होती तशी.

“कुलपाची दुसरी किल्ली माझ्या जुडग्यात आहे, वेंडेल. मी मुद्दाम शोधली नाही. उचलली आणि धरताच आली नाही तर? बाबा गेल्यापासून एकही सीझन चुकवला नाही मी. मला वाटलं, नाही सापडली तर बरंच आहे. रेनोला सांगता येईल, वेंडेलने साफ करता करता हरवली.”

यावर माझ्या भाषणात काहीच नव्हतं.

आम्ही दोघांनी त्या मुठीकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, पिठाचे हात तोंडाला लागले. मीही थोडा हसलो. मला कशावर ते कळलं नव्हतं.

मग डोळे पुसून म्हणाली, “तुझी दे बरं जरा.”

माझी म्हणजे माझ्या आजोबांची. हलकी, लाकडी, सरळ दस्त्याची. मुठीचा प्रश्नच नाही. ती मी कुणाला देत नाही. दिली. तिने तपासली, रिकामी आहे याची खात्री केली, खिडकीकडे तोंड करून खांद्याला लावली. तिचं मनगट दस्त्यावर असं बसलं, जणू कुणी बेतून शिवलं असावं. तिने ती खाली ठेवली नाही. पास्टी करपायला लागल्या तरी नाही.

१४ नोव्हेंबर

खडीची खाण. नेमासाठी पुठ्ठे मी लावले. तिने गोळ्या झाडल्या. बशीएवढ्या जागेत सगळ्या. नेम माझ्या आजोबांनी बसवलेला आहे, हे तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, त्यांचे आभार.

१५ नोव्हेंबर

सीझनचा पहिला दिवस. शाळा बंद, दुकानं बंद, पाद्रीसुद्धा शिकाऱ्यांच्या नारिंगी कोटात. कॅम्पवरून सगळे उजाडायच्या आत रानात गेले. माझ्याकडे रायफल नाही, म्हणून मी कॅम्पप्रमुख झालो. हे पद मीच निर्माण केलं. कामं: चूल, कॉफी, बटाटे.

बटाटे सोलताना एक बार ऐकला. एकच. माझ्या रायफलचा आवाज मी झोपेत ओळखीन. ॲप्रनमध्येच धावलो. बर्फात दोनदा पडलो.

मार्लिस झाडाला टेकून बसली होती. समोर हरणाचा शिंगवाला मोठा नर पडलेला. ती मनगट चोळत होती.

“दुखलं,” म्हणाली. “पण धरलं.”

मी तिच्या शेजारी बर्फात बसलो. मला खूप काही बोलायचं होतं. ॲप्रनने तिचं नाक पुसलं.

रात्रीच्या जेवणाला रेनोने सगळ्या मंडळींना मुठीची गोष्ट सांगितली. त्याला कुणी सांगितली ते कळलं नाही. पाद्री आपल्या ताटात बघत होते. मी उभा राहून निवेदन केलं की मार्लिसला मनगटाला सोसेल अशी रायफल मिळवून द्यायची, हा माझा पहिल्यापासून उद्देश होता आणि तो वेळेत पूर्ण झाला. लोक खूप हसले. ते योग्य ठिकाणी हसले का, याबद्दल मला शंका आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी माझी रायफल परत मागितली. मार्लिस म्हणाली, तिच्याकडे अजून एका हरणाचा परवाना आहे. मग दस्त्यावरून हात फिरवत म्हणाली, सवय झाली रे हिची. तिने खोळीवरची माझ्या नावाची चिकटपट्टी काढून स्वतःची लावली होती. अक्षर वाकडं, पण ठाम.

तू माझी घे, म्हणाली. घेतली. रेनोने गोळ्या दिल्या नाहीत. या रायफलमध्ये गोळी भरू देणं म्हणजे गुन्हा आहे, म्हणाला. मी म्हटलं, मला फक्त बसायचंय.

दुपारभर मचाणाखाली बसलो. थंडी कडक. झाडांमधून एक हरीण आलं. मार्लिसच्या हरणापेक्षा मोठं, शिंगं झाडाच्या फांद्यांसारखी. इतकं जवळ आलं की श्वासाची वाफ दिसत होती. मी श्वास धरला. नुसती खांद्याला लावून बघावी म्हणून मुठीला हात घातला.

मूठ हातात आली. गोंद थंडीत चालत नाही, हे खोक्यावर बहुतेक लिहिलेलं असेल.

हरणाने माझ्याकडे बघितलं. मग मुठीकडे. पळालं नाही. शेजारच्या झाडाची साल कुरतडली आणि सावकाश निघून गेलं.

कॅम्पवर आल्यावर मार्लिसने विचारलं, काही दिसलं का. मी म्हटलं, काही नाही.

तिने माझ्या कोटाचा फुगलेला खिसा पाहिला. भांड्यांचा ढीग माझ्यापुढे सरकवला, आणि डाव्या हाताने फडकं उचललं. मी घासली, तिने पुसली.