नवरा एक, बायका दोन

१२ फेब्रुवारी १९५१, डोंबिवली

सगळं अडलं! बोटीच्या कचेरीतल्या कारकुनाने माझा पासपोर्ट आणि परमिट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "नवरा एक आणि बायका दोन दिसतायत. यातल्या तुम्ही कोण?"

पासपोर्टावर मंदाकिनी, कारण अर्जाला मी शाळेचा दाखला जोडला होता. परमिटावर उत्तरा, कारण ते ह्यांनी नैरोबीत काढलं आणि ह्यांच्यासाठी मी नऊ वर्षं उत्तराच आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर कुठून येणार? ह्यांना सुचलं नाही, मलाही नाही. ह्यांना तिकडे नोकरीवर जाऊन दीड वर्ष झालं. एकतीस मार्चच्या आत मोंबासाला उतरले नाही तर परमिट रद्द, आणि नव्याची खात्री कोणी देत नाही. बोट चौदा मार्चची.

१३ फेब्रुवारी

शेजारच्या हेमाताईंचा भाऊ मोंबासात चार वर्षं राहून आला, म्हणून सल्ला द्यायचा हक्क त्यांचा. लोणचं बरणीत नको, डब्यात भर. घोंगडी घे, नैरोबीला थंडी असते. पोळपाट-लाटणं विसरू नकोस. बोटीत पहिले तीन दिवस नुसती आल्याची वडी चघळ. सगळं ऐकलं, लिहूनही घेतलं. पण नावाचं एका शब्दाने कोणी बोललं नव्हतं.

परदेशी जाणाऱ्या बाईला मी एकच सांगेन — आधी तू कोण ते कागदावर ठरव, मग डबे भर.

१७ फेब्रुवारी

आनंदभाऊजी (माझे दीर, शहाडला असतात) ठाण्याच्या वकिलांना भेटून आले. मंदाकिनी आणि उत्तरा एकच, असं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून द्यायचं. देणारं माणूस लग्नाला हजर असलेलं, वडीलधारं हवं. माझे आईवडील दोघंही गेले. सासरे कधीच गेले. उरल्या सासूबाई.

बोटीने मी गेले की त्यांना डोंबिवलीचं बिऱ्हाड मोडून शहाडला भाऊजींकडे राहावं लागणार. ते त्यांना नको आहे, हे भिंतींनाही ठाऊक आहे.

१८ फेब्रुवारी

विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या घरात मंदाकिनी नावाची कोणी आलीच नाही. उत्तरा आली. मी खोटं कशाला बोलू?"

बस. एवढंच.

२३ फेब्रुवारी

पाच दिवस घरात बोलणं म्हणजे "चहा ठेवलाय" आणि "विहिरीवर जाऊन येते". ह्यांचं पत्र आलं — दोन खोल्या मिळाल्यात, एका खिडकीला पडदा लावून ठेवलाय. पडद्याचं वाचून मला रडू आलं.

२ मार्च

आज तोंड सुटलं. म्हटलं, "माझं नाव घेतलंत, मी हूं की चूं केलं नाही. आता नवराही ठेवून घेणार का?" पुढे आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहवत नाही.

त्या उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत. मीही नाही. बोटीला बारा दिवस राहिले. मला त्यांचा राग येतो आणि लाजही वाटते.

५ मार्च

सकाळी बघते तर सासूबाई चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या. "चल. आनंदाला ठाण्याला परस्पर यायला निरोप धाडलाय."

वकिलांनी नाव विचारलं. "रंगूबाई." टंकलेखकाने ठोकलं. मग वकील म्हणाले, "तुमचंही लग्नात बदललं असेल. तेही घालू, म्हणजे ही घरची चालच आहे हे दिसेल. माहेरचं नाव काय?"

सासूबाईंनी पदर सावरून घेतला. मला वाटलं झालं, आता उठून जातात.

"आवडी," त्या म्हणाल्या.

भाऊजी बघतच राहिले. "आई, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"कोणी विचारलंय कधी?"

मीही विचारलं नव्हतं. नऊ वर्षं एका चुलीशी बसून! अंगठा उठवला, मॅजिस्ट्रेटची सही झाली, परत येताना त्यांनी माझ्याकडून शेंगदाणे सोलून घेतले.

९ मार्च

कचेरीने कागद मान्य केला. तिकीट मिळालं. बोटीवर चढताना आणि तिकडे उतरताना अस्सल प्रत जवळ हवी, असं कारकुनाने दोनदा बजावलं. ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलीये.

१३ मार्च

उद्या बोट. दुपारी ट्रंक उघडली. पासपोर्ट आहे, परमिट आहे, कागद नाही.

सगळे कपडे उपसले. घोंगडी झटकली. हेमाताईंनी डबेसुद्धा उघडून पाहिले. शेवटी माझ्या मनात आलं ते आलंच — सासूबाईंनीच घेतला. अंगठा देऊन चांगुलपणा मिळवला आणि आता शेवटच्या दिवशी कागद दाबला. तोंडावर बोलायचं ठरवून मागच्या ओसरीवर गेले.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कागद मांडीवर, उलटा धरलेला. इंग्रजीच काय, मराठीही त्यांना वाचता येत नाही. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं, यातलं माझं कुठलं?"

मी कागद सुलटा केला. त्यांचं बोट धरलं आणि 'आवडी'वर नेऊन ठेवलं.

१४ मार्च, सकाळ

कागद अजून त्यांच्याच हातात आहे. टांगा दारात उभा आहे, तरी मला तो मागून घेववत नाही.