अकरा खोक्यांतली गाडी विहीणबाईंना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय कवळ्या बनवणे (आता निवृत्त), असे लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाब एका गोळीत आटोक्यात राहतो, साखर नाही, आणि 'साठी बुद्धी नाठी' असं जे माझ्या पाठीमागे बोललं जातं ते चौदा वर्षं उशिरा बोललं जातंय. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असलाच तर वकीलबाईंचा आहे, की हे एका पानात आटपा. ते होणार नाही.

मृत्युपत्र करायचं कारण एकच. घर आणि पैसे काही न लिहिताही माझ्या एकुलत्या एक मुलीलाच जातील. पण एक मोटारसायकल माझ्या नावावर आहे, आणि ती जिला मिळावी असं मला वाटतं तिचं माझं कायद्याने आता काहीच नातं नाही. माझी मुलगी आणि या बाईचा मुलगा नवराबायको होते तोवर ती माझी विहीण होती. सहा वर्षांपूर्वी कोर्टाने ते लग्न मोडलं. मी न लिहिता गेले तर गाडी मुलीकडे जाईल, आणि मुलगी ती दारात येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकेल. म्हणून हा खटाटोप.

कलम १. मी राहते ते तीन खोल्यांचं घर मुलीला. मधल्या खोलीच्या फरशीवर तेलाचा डाग आहे. रॉकेल, सोडा, लिंबू सगळं करून झालं, तो जात नाही. त्यावर सतरंजी टाकावी. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये इंजिनचं ॲल्युमिनियमचं आवरण पाच वेळा तापवलेलं आहे, कारण तापल्याशिवाय त्यातली बेअरिंगं निघत नाहीत. तेव्हा केकला वेगळा वास आला तर घाबरू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी, दोन बांगड्या आणि साखळी मुलीला. आकडे पासबुकात आहेत, इथे लिहून शोभा करत नाही.

कलम ३. मेण कोरायच्या सुऱ्या, हातात धरायचं छोटं ड्रिल आणि पॉलिशची मोटर, हे सगळं मी अडतीस वर्षं जिथे काम केलं त्या कवळ्यांच्या कारखान्याला. त्यासोबत एक गुलाबी वस्तू जाईल, तिचा खुलासा करते. गाडीच्या मागच्या दिव्याची लाल काच फुटलेली होती. तशी काच जगात शोधत बसण्यापेक्षा मी ती कवळीच्या प्लास्टिकमधून ओतून काढली. पण घरात उरलेलं प्लास्टिक हिरड्यांच्या रंगाचं होतं. दिवा लावला तेव्हा विहीणबाई लांब जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "मागून गाडी दात विचकतेय असं वाटतं." दुसऱ्या खेपेला लाल रंग मागवला. पहिली काच कारखान्यातल्या लोकांनी बघावी आणि पोटभर हसावं.

कलम ४. गाडी माझ्याकडे कशी आली, हे कागदोपत्री असावं.

जावयाने ती एका बंद पडलेल्या गॅरेजातून अकरा खोक्यांत भरून आणली. इटालियन, शर्यतीच्या घराण्यातली, एका सिलिंडरची, अडीचशे सीसीची, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. असल्या फार थोड्या बनल्या आणि त्याहून थोड्या उरल्या. त्यांच्या घरात जागा नाही म्हणून खोकी माझ्या मधल्या खोलीत आली, आठ दिवसांसाठी. ती तीन वर्षं राहिली. त्यांचं लग्न मात्र तेवढं राहिलं नाही.

मग मुलाचं सामान न्यायला विहीणबाई टेम्पो घेऊन आल्या. त्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, पोरं त्यांना 'शिट्टी' म्हणत. आमचं तेव्हा विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. लग्नाच्या दिवशी माझे यजमान दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले, तेव्हा हॉलची वेळ संपली म्हणून या बाईने भर सभेत शिट्टी फुंकली. यजमान गेले, पण माझा राग काही गेला नव्हता.

मी म्हटलं, "न्यायचं ते मोजून न्या. उद्या एक नट कमी निघाला तर माझं नाव नको."

"मोजूनच नेणार," त्या म्हणाल्या. "मी काय दूधखुळी आहे?"

झालं, फरशीवर चादर पसरून मोजायला बसलो. पण बोल्ट कशाचा आहे ते कळल्याशिवाय यादीत काय लिहिणार? तो कळायला कुठेतरी लावून बघावा लागे, आणि लावला की त्याच्या शेजारचा तुकडा हवासा होई. चार वाजता टेम्पोवाला वैतागून वर आला. दोन म्हाताऱ्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या बघून म्हणाला, "ताई, गाडी न्यायची आहे का जोडायची आहे?"

विहीणबाईंनी मानही वर केली नाही. "तुम्ही जा," म्हणाल्या, "पुढचं चाक आत्ता कुठे बसतंय."

दुसऱ्या दिवशी त्या नऊ वाजता हजर. पुढची चार वर्षं, रविवार सोडून, रोज नऊ वाजता हजर. जावई फोनवर म्हणाला, "आई, ठेवा तुम्हीच," आणि कागद माझ्या नावावर करून दिले. स्वतःच्या आईच्या नावावर का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, तिच्या नावावर केली तर ब्रेक लागायच्या आधीच ती रस्त्यावर काढेल. आईला तो बरोबर ओळखतो.

कलम ५. हे कलम विहीणबाईंना मी गेल्यावरच वाचून दाखवावं, आणि त्या बसलेल्या असताना.

या इंजिनच्या पोटातून एक उभा दांडा वर डोक्यापर्यंत जातो. त्याच्या दोन्ही टोकांना तिरप्या दात्यांची चाकं आहेत. दात्याला दाता नीट लागला तर इंजिन गातं, नाहीतर किंचाळतं. आमचं किंचाळायचं. बोलावलेल्या मेकॅनिकने हात टेकले. मी मात्र मनातून खूश झाले, की दात म्हणजे तर आपलंच राज्य. कवळी चावताना कुठे उंच लागते ते बघायला आम्ही तोंडात निळा कागद धरतो. चावलं की उंच जागेवर निळा ठिपका उठतो, तेवढा घासायचा. मी चाकांच्या मधे तोच कागद धरला, ठिपका उठला, आणि विहीणबाई बँकेत गेल्या असताना मी तो दाता ड्रिलने घासला.

गिअरचा दाता कधी घासत नाहीत. चाकाखाली केसाएवढ्या पातळ चकत्या घालून चाकच वरखाली करतात. हे मला घासल्यानंतर कळलं. चाकं जोडीनेच येतात, म्हणजे एक बिघडलं की दोन्ही गेली, आणि ती जोडी इटलीहून मिळवायला आम्हाला अकरा महिने लागले होते.

विहीणबाईंना मी सांगितलं की माल मुळातच सदोष आला. ती जोडी आम्हाला विकणाऱ्या इटलीतल्या म्हाताऱ्याला त्यांनी असं पत्र लिहिलं की फोनमधल्या ॲपवर भाषांतर करताना माझेच कान लाल झाले. तो बिचारा काय करणार? त्याने माफी मागितली, नवी जोडी फुकट पाठवली, वर स्वतःचा कुत्र्याबरोबरचा फोटोही. फोटोत हसतोय आणि पुढचे दोन दात नाहीत. तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही.

नव्या जोडीला मी ड्रिल लावलं नाही. चकत्या बदलत गेले, निळा कागद धरत गेले. सव्विसाव्या खेपेला ठिपका दात्याच्या बरोबर मधोमध आला. त्या सकाळी विहीणबाईंनी किक मारली. या गाडीची किक डावीकडे आहे, आणि त्यांचा उजवा गुडघा नवा बसवलेला आहे, म्हणजे गाडी जणू त्यांचं माप घेऊनच बनवली होती. चौथ्या किकला ती सुरू झाली. किंचाळली नाही. खिडकीच्या काचा थरथरल्या, विहीणबाईंनी मला उचलून गोल फिरवलं (त्या शहात्तर, मी चौऱ्याहत्तर, त्यावेळी दोन-दोन वर्षांनी लहान), आणि ओरडल्या, "अगं, गातेय ती!" तोवर आम्ही 'अहो' म्हणत होतो. त्या दिवसापासून 'अगं'. माझ्या आयुष्यात मी इतकी क्वचितच खूश झाले आहे.

तरी सदोष काय होतं ते मी सांगितलं नाही. आता सांगते. माल चोख होता, चूक माझी होती. इटलीच्या म्हाताऱ्याला दोन दात करून द्यायचे आहेत. ते मेल्यावर जमणार नाही, म्हणून हे काम मी जिवंतपणीच हातात घेतलं आहे. गेल्या आठवड्यात त्याला खरं काय ते लिहिलं आणि माप मागवलं.

कलम ६. पुढील लोकांना काहीही मिळणार नाही, आणि ते विसरून नव्हे. इथला सुट्या भागांचा दुकानदार, ज्याने चार वर्षांत प्रत्येक वेळी "साहेब नाही आले?" असं विचारलं. गाड्या जमवणारे एक श्रीमंत गृहस्थ, जे गाडी विकत मागायला आले आणि विहीणबाईंना कामवाली समजून हातात छत्री देऊन गेले. छत्री चांगली आहे, ती आम्ही वापरतो.

जावयालाही काही ठेवलेलं नाही, पण ते वेगळ्या कारणाने. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार करत नाहीत, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. गाडी आणली त्याने. ती कोणाला चालली आहे हे त्याच्या डोळ्यांदेखत व्हावं.

कलम ७. वर सांगितलेली मोटारसायकल, तिचे कागद, दोन्ही किल्ल्या, सगळे पाने, मायक्रोमीटर आणि उरलेल्या चकत्यांचा डबा माझ्या विहीणबाईंना. गाडी काचेच्या पेटीत ठेवू नये, कोणाच्या हॉटेलच्या दारात उभी करू नये. चालवावी. सीट शर्यतीची, एकाच माणसाची आहे. त्यावरून आमचं वर्षभर वाजलं. मला दोघींची हवी होती, पण अस्सल ते अस्सल, म्हणून मी हार मानली. आम्ही रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर आळीपाळीने फेऱ्या मारतो. एक चालवते आणि दुसरी घडीच्या खुर्चीवर बसून चुका काढते. विहीणबाई माझ्याआधी गेल्या तर गाडीचं काय करायचं ते मुलीने ठरवावं. पण त्यांनी तसं करू नये.

वकीलबाईंनी विचारलं, "लाभार्थीशी नातं काय लिहू?" मी म्हटलं, विहीण. त्या म्हणाल्या, "होत्या. आता नाहीत." मी म्हटलं, कोर्टाने मोडलं ते मुलांचं. आम्हा दोघींना तिथे कोणी बोलावलंसुद्धा नव्हतं. त्यावर त्यांनी विहीण असंच लिहिलं.

कलम ८. हे कलम मालमत्तेचं नाही. मुलीसाठी आहे.

तू एकदा म्हणालीस, "आई, घर माझं मोडलं आणि तू त्यांच्याकडे चहाला जातेस?" मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तू यायची असलीस की विहीणबाई आदल्या दिवशीच हत्यारं आवरून घेत, आणि मी त्यांचा कप कपाटात मागे ढकलत असे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. तुला वाटलं असेल आई त्यांच्या बाजूची झाली. मी कोणाच्या बाजूची नव्हते गं. तुझे बाबा गेले, तू लांब राहायला गेलीस, हातातलं काम सुटलं, आणि घरात माझ्याशी भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. ही बाई रोज नऊ वाजता येऊन भांडायची. मला ती फार आवडते. तुझ्या वाटचं प्रेम काढून तिला दिलेलं नाही. पण तुला दुखलं हे मला दिसत होतं आणि मी गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. माफ कर. आणि गाडी तिला देऊ दे.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या राजीखुशीने लिहिलं आहे. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिथे माझी आद्याक्षरं आहेत. खालच्या कोपऱ्यातला डाग तेलाचा आहे, संशयास्पद मानू नये.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १ : (सही)
जावई. वकीलबाई 'माजी' लिहा म्हणाल्या, पण आईंनी लिहू दिलं नाही. त्यांनी माझ्यासमोर सही केली. गाडीवर माझा काही हक्क नाही.

साक्षीदार २ : (सही)
खालच्या मजल्यावरचा शेजारी. आवाजाबद्दल चार लेखी तक्रारी दिल्या होत्या, त्या आज मागे घेतल्या. माझ्यासमोर सही झाली. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या.

ठिकाण : राहत्या घरी, मधली खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

पुढे वाद नको म्हणून वकीलबाईंच्या सांगण्यावरून जोडलेलं मुलीचं ना-हरकत पत्र :

मी, वरील बाईंची मुलगी, हे मृत्युपत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने. कलम सातमध्ये ज्यांना गाडी दिली आहे त्यांना मी सहा वर्षांत एकदाही फोन केला नव्हता. आज केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून नुसतं "मी बोलतेय" म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "हेल्मेटचं माप काय गं तुझं?" मला माहीत नव्हतं. येत्या रविवारी मोजायला जाणार आहे. माझी हरकत नाही.

(सही)
मुलगी