पोटातलं मागणं

२ मार्च

चि. टिल्लूस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. सर्दी झाली म्हणून दवाखान्यात येत नाहीस म्हणे. लहानपणी शाळा बुडवायला तुझं पोट दुखायचं, आता नाक गळतंय, एवढीच काय ती प्रगती!

तुझ्या भावजींना परांचीवरून पडून आज सोळा दिवस झाले. डोळे उघडले नाहीत, पण काल मी हाक मारली तर बोटं हलवली. आठवड्याभरात शुद्धीवर येतील, बोलतीलही, असं डॉक्टर म्हणाले. मी वेड्यासारखी रडले. परांचीला जुना दोर दिला म्हणून ठेकेदाराला शिव्या देऊन दमलेय. चर्चच्या पाळकांनी कळवलंय, सभेत तू ह्यांच्यासाठी अशी प्रार्थना करतोस की सगळ्यांचे डोळे भरून येतात. मला तेवढाच आधार आहे रे. मागणं सोडू नकोस.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी ताई

७ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

बोटं हलली हे वाचून आनंद व्हायला हवा होता. माझी पाचावर धारण बसली.

दोर जुना नव्हता, ताई. त्या दिवशी भावजी रंगवायला चढण्याआधी परांचीची फळी मी बांधली. दोन गाठी मारायच्या असतात. एक मारली आणि खालून चहाची हाक आली. भावजींनी विचारलं, झालं का? मी झालं म्हणालो. हे फक्त त्यांना आणि मला माहीत आहे.

सभेत मी त्यांना वाचव म्हणतो, लोक आमेन म्हणतात, पाळक पाठ थोपटतात. ते मला आवडतं, हेही लिहूनच टाकतो. पण घरी गुडघे टेकले की वेगळंच निघतं. प्रभू, त्यांना वाचव, पण काही आठवू देऊ नकोस. तुझं पत्र आलं त्या दिवशी तर वाचव म्हणायलाही जीभ रेटेना.

ओठात एक आणि पोटात एक असलेल्या माणसाचं देव कशाला ऐकेल? आणि त्याने पोटातलंच ऐकलं तर? ह्या भीतीने घास उतरत नाही. सर्दी-बिर्दी काही नव्हती.

लोभ असावा असं लिहायला मला तोंड नाही.
टिल्लू

१२ मार्च

टिल्लू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि फाडलं.

हे परवा शुद्धीवर आले. मला ओळखत नाहीत. चमच्याने भरवलं की गिळतात आणि भिंतीकडे बघत राहतात. आठवण परत येईलच असं नाही, असं आता डॉक्टर म्हणतात. तुझं पोटातलं मागणं पुरं झालं, असं तुला ओरडून सांगावंसं वाटलं. मग माझं मलाच विचारलं, की मी तरी काय मागत होते? मला एकटीला संसार झेपणार नाही म्हणून हे उठावेत, एवढंच. ह्यांना किती दुखत असेल, हे एकदाही मनात आलं नाही. तेव्हा तुला दगड मारणारी मी कोण?

तरीही राग गेलेला नाही, खोटं कशाला लिहू.

सभेत उभं राहणं आता बंद कर आणि इथे ये. दर दोन तासांनी ह्यांना कुशीवर वळवावं लागतं, माझी कंबर गेली आहे. मी तुझ्याशी बोलणार नाही. ह्यांच्याजवळ बस, हात धर आणि गाठीचं सांग. कळो न कळो, रोज सांग. मग तिथेच, माझ्यासमोर, गुडघे टेक. ह्यांना सगळं आठवू दे, असं तुझ्या तोंडून मला ऐकायचंय.

ताई