आंबवलेल्या ट्राउटची बादली

प्रिय बाबा,

आधी घडलं ते क्रमाने.

१. सप्टेंबरमध्ये आमच्या प्रयोगशाळेतल्या समुद्रफुलांच्या, म्हणजे त्या फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्यांच्या, टाकीचं पाणी नासलं.
२. त्या दिवशी काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे पाणी आधी हुंगतात, मग तपासतात. मी हुंगलं आणि वहीत ‘ठीक’ लिहिलं.
३. चारशे पिल्लं मेली.
४. माझ्यासोबत काम करणारी तूरिल दारातूनच ओरडली, “अगं बाई, नाक घरी ठेवून आलीस का?”

ती थट्टा होती. मी मात्र रक्त तपासून घेतलं. मी ज्या प्रथिनांवर काम करते ती तुम्हाला आठवत असतील. वाढीचे निरोप पोचवणारं हे फार जुनं कुटुंब आहे. समुद्रफुलाच्या पिल्लाला डोक्यावरचा संवेदनांचा झुपका, माशीला श्वासनळ्यांचे फाटे, कोंबडीच्या गर्भाला पंख, सगळं त्यांच्याच निरोपावर होतं. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, “म्हणजे एकच गडी सगळ्यांच्या घरी राबतो म्हण की!” माणसात तोच गडी नाक मेंदूला जोडायला मदत करतो, आणि वयात येण्याचा निरोपही त्याच वाटेने जातो. माझ्यात तो निरोप घेणाऱ्या प्रथिनात एक बदल आहे. मला वास येत नाही. कधीच येत नव्हता.

दर हिवाळ्याच्या सुरुवातीला तुम्ही आंबवलेल्या ट्राउट माशांची बादली उघडली की आत्या वासाने खिडकीकडे धावायची आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारायचात, “वाल्द्रेस खोऱ्याचं खरं रक्त आम्हा दोघांतच!” मला त्याचा अभिमान होता. आपण शूर नव्हतो, बाबा. तुम्हालाही वास येत नसावा.

सतराव्या वर्षी आई मला दातांसाठी म्हणून ओस्लोला घेऊन गेली, ते दातांसाठी नव्हतं. माझी पाळी सुरूच झाली नव्हती. गोळ्यांनी झाली. तुम्हाला सांगायचं नाही, असं तिने बजावलं होतं. आता ती नाही, म्हणून सांगते आहे.

परवा तुमचं पत्र आलं. “गुन्वरने यंदा बादलीत नाक खुपसलं, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. माझीच पोर!” ते वाक्य मी तीनदा वाचलं. आपली धाकटी गुन्वर सोळाची झाली. पाळीच्या गोष्टी तुम्ही तिला विचारणार नाही आणि ती तुम्हाला सांगणार नाही. वेळेत कळलं तर उपचार सोपे आहेत. राहून गेलं तर हाडं ठिसूळ होतात. पाच डिसेंबरची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. तिच्याशी तुम्ही बोलाल की मी बोलू, ते अठ्ठावीस नोव्हेंबरपर्यंत कळवा.

तुमचीच,
सिन्नोवे