छापखान्यातून आलेले शब्द

आबा,

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी खिळे जुळवण्यात तुमचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नव्हता. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या छापखान्यात तुम्ही वकिलांच्या नोटिसा, डॉक्टरांची पत्रकं, कॉलेजांची वार्षिकं शिशाचं एकेक उलटं अक्षर उचलून उभी केलीत. अक्षर न अक्षर ओळखायचात, अर्थ मात्र शेजारच्या घरातल्या स्वयंपाकासारखा, वास यायचा, चव नाही. संध्याकाळी रॉकेलनं हात धुतलेत की खिशातून कागदाची एक पट्टी निघायची, बोटभर रुंद. तिच्यावर दिवसभरात हाताखालून गेलेले पाच अवघड शब्द. "ह्ये बघ की जरा. कशाला काय म्हणत्यात?" मी सांगायची, तुम्ही पट्टीच्या मागं मराठीत लिहून घ्यायचात आणि सकाळी सायकलवरून जाताना पाठ करायचात. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिचे आबा सकाळी सकाळी जप करत जातात.

हे कशासाठी चाललंय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्रजी कामाचे मुख्य कंपोझिटर दिवाळीनंतर काम सोडणार होते आणि मालकांनी सांगून ठेवलं होतं, जो गिऱ्हाइकाशी चार शब्द इंग्रजीत बोलेल आणि प्रूफ समजून वाचेल, त्याला खिडकीजवळचं टेबल. टेबल म्हणजे खुर्ची. वीस वर्षं तुम्ही उभ्यानं काम केलं होतं. पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या गाठी होऊन वर आल्या होत्या आणि जेवणं झाली की आई त्यांवर खोबरेल चोळायची. मी ते रोज बघत होते. बघत नव्हते असं म्हणायची सोयच नाही, एका खोलीचं तर घर आपलं.

मी तेव्हा अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला. वर्गात इंग्रजीत पहिली, म्हणून नाक वर. तुम्ही जुन्या बाजारातून आणलेली डिक्शनरी बायंडरला गळ घालून लाल कापडी पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. ती वरच्या फळीवर असायची. ती काढायची म्हणजे स्टूल घ्या, चढा, धूळ झटका. त्यापेक्षा अंदाज ठोकून देणं सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर "मला माहीत नाही" हे चार चुका केलेल्या माणसानं म्हणावं, पहिल्या नंबरानं कशाला, असं मला वाटायचं. तुम्ही माझं ऐकताना मान अशी डोलवायचात, की थाप मारतेय हे माझं मलाच विसरायला व्हायचं. किती थापा मारल्या ते आता आठवत नाही. एक आठवते.

मैत्रीण उंबऱ्यात उभी आहे, आम्हाला रंकाळ्यावर जायचंय, वेणीत अबोलीचा गजरा आहे आणि तुम्ही पट्टी पुढे करता. चार शब्द मला येतात. पाचवा, पॉस्थ्युमस. त्याच्याच पुढे तुम्ही 'ऑनर' लिहिलेलं. ऑनर म्हणजे मान, मग हा काहीतरी भारी मानच असणार. "फार मोठा, थोरामोठ्यांनाच मिळतो असा," मी चपलेत पाय घालता घालता सांगितलं. तुम्ही लिहून घेतलंत. त्याचा अर्थ मरणोत्तर, हे मला स्टुलावर चढले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आठवड्याभरात एक निवृत्त प्राचार्य आपल्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकाची प्रुफं बघायला मुलाला घेऊन छापखान्यात आले. मालक समोरच. तुम्हाला वाटलं, हीच वेळ. हात जोडून तुम्ही इंग्रजीत म्हणालात, सर, तुम्हाला पॉस्थ्युमस ऑनर मिळो. म्हातारबुवांनी प्रुफं खाली ठेवली. मुलगा मात्र ओरडला, "अवो, जित्तं हाईत की वडील माझं!" आणि मग त्यानं सगळ्या छापखान्याला ऐकू जाईल असा त्या शब्दाचा अर्थ सांगितला.

हे मला तुमच्याच तोंडून कळलं, त्याच संध्याकाळी. आईनं विचारलं, आज गप का, तेव्हा तुम्ही हसत हसत सगळं सांगितलंत. "पोरीनं बराबर सांगितलंतं. माझ्याच डोक्यात उलटं बसलं. खिळं उलटं वाचायची सवय न्हवं का!" आईला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. मी चुलीपुढे बसून आमटी ढवळत राहिले. ढवळण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. अर्थ त्या माणसानं सांगितला होता, पट्टी तुमच्या खिशात होती, तिच्या मागं मी सांगितलेलं तुमच्याच अक्षरात होतं. म्हणजे तुम्हाला कळलेलं होतं, आबा. मला लाज वाटली, फार वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

टेबल दुसऱ्याला मिळालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी पट्टी माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "घाई न्हाय. बघून सांग." एवढंच रागावणं. त्या दिवसापासून मी स्टुलावर चढायला लागले. पुढं एम.ए. झाले, कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि लोक विचारायचे, मॅडम, एवढे शब्द तुमच्याकडे आले कुठून? वकिलांचे, डॉक्टरांचे, मयताच्या जाहिरातींचे, सगळे तुमच्या खिशातून आलेले. तुम्ही मात्र आणखी अकरा वर्षं उभेच होता. शेवटी शेवटी जिना चढवेना.

आता याहून वाईट सांगते. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये कितीदा तरी सांगितली, तुम्ही सांगितलीत तशीच. उलटं वाचायची सवय, म्हणून घोटाळा झाला. हमखास हशा पिकायचा. गोष्ट सांगण्यात मी तरबेज झाले, आणि स्टुलाचा भाग कधी सांगितलाच नाही.

आई नव्वदीला आली आहे, माझ्याकडेच असते. हे पत्र तिला वाचून दाखवायचं ठरवून मी आज दुपारी बसले होते. भाकरी दुधात कुस्करून देत होते तेव्हा तीच आपणहून म्हणाली, "तुझ्या आबास्नी इंग्रजी काय जमलं न्हाय बघ. येडं हुतं." आणि खुदखुदून हसली.

मी म्हणाले, "व्हय."